सुईच्या अग्रावरचा इतिहास

आमच्या परिचयातील एक एकोणीस वर्षांची मुलगी गेले वर्षभर एकाच बाराबंदीचा ध्यास घेऊन बसली आहे. १८५१ साली आयझॅक सिंगर याने शिवणयंत्राचे पेटंट घेतले, त्यापूर्वी जे वस्त्र मनुष्याच्या बोटांनीच सिद्ध होत असे, ते त्याच रीतीने पुन्हा घडविता येईल काय, हा तिचा प्रश्न. आणि धावदोरा, टीप, तुरपाई यांचा शिरस्ता हाती बसावा म्हणून जुने अंगरखे निरखताना तिला आढळले, की त्यांच्या काखेतील चौकोनी ठिगळी हात मोकळेपणाने उचलता यावा यासाठी असते आणि सरळ रेघांत बेतल्यामुळे कापडाची चिंधीसुद्धा सहसा वाया जात नाही. दप्तरांतील कापडखरेदीचे हिशेब आमच्या संशोधकांनी पुष्कळ वाचले. त्या कापडाचे पुढे शिंप्याच्या मांडीवर काय झाले, हे मात्र फारसे कोणी विचारले नाही, याची आम्हांस मनापासून खंत वाटते.

आता ती लोकरीकडे वळली आहे. दख्खनी मेंढीची राठ लोकर पिंजून कातावी, ताण्याला चिंचोक्याची खळ चढवावी, आणि मग सणगराने खड्ड्याच्या मागावर घोंगडी विणावी, हा क्रम ती एका वृद्ध विणकराच्या शेजारी बसून शिकते आहे. कातलेला तिचा पहिला धागा कुठे जाड, कुठे बारीक निघाला. विणकरबाबांनी तो मोडला नाही, मागावरच चढविला.