तळ्यातले मासे आणि महापालिकेचा हिशेब

बुधवार पेठेतून चालणाऱ्यास या पेठांखालून अठराव्या शतकातील एक जलवाहिनी गेली आहे, याची आज कल्पनाही येत नाही. नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या घाटपायथ्याशी तळे बांधले गेले आणि त्याचे पाणी भुयारी नळातून, केवळ उताराच्या बळावर, शनिवारवाड्यात व पेठांतील हौदांत आणले गेले. त्या हौदांवर सर्वांचा हक्क नव्हता. जोतीराव फुल्यांना १८६८ साली आपल्या घरचा हौद अस्पृश्यांसाठी खुला करावा लागला, हे पेशवाईच्या जलव्यवस्थेचे गोडवे गाणारे सहसा सांगत नाहीत. तरीही एक गोष्ट मान्य केली पाहिजे. जे पाणी वाड्यात पिण्यास येत होते, ते घाण होऊ न देण्यात राज्यकर्त्यांचा स्वार्थ होता.

खडकवासल्याचे पाणी आले आणि तो स्वार्थ संपला. कात्रजचे पाणी आता पेठेत कोणी पीत नाही, म्हणून त्याला वाली उरला नाही. वरच्या अंगाच्या भिलारेवाडी, मांगडेवाडी, गुजर-निंबाळकरवाडी या गावांत इमारती उठल्या. ही गावे महापालिकेच्या हद्दीत आली ती २०२१ साली. सदनिका आधी विकल्या गेल्या, मैलावाहिन्यांचा विचार मागाहून. दरम्यान सांडपाणी ओढ्यांनी तळ्यात उतरत राहिले.

सांडपाण्यातील नत्र आणि स्फुरद यांवर शेवाळ व जलपर्णी माजतात आणि कुजताना पाण्यातील प्राणवायू संपवतात. स्नानायोग्य पाण्यात तो लिटरला किमान ५ मिलिग्रॅम असावा, असा शासनाचाच निकष आहे. त्याहून फार खाली गेलेल्या पाण्यात मरळ आणि मांगूर तगतात, कारण ते पृष्ठभागावर येऊन हवा घेतात. १९५२ साली परदेशातून देशात आणलेला तिलापिया, आपल्या मासेमारांची चिलापी, जवळजवळ कोणत्याही पाण्यात वाढतो. स्वच्छ पाण्याचे लहान देशी मासे मात्र एकेका जातीने नाहीसे होतात. म्हणून तळ्यात मासे आहेत का, हा प्रश्नच अपुरा आहे. किती जातींचे आहेत, हे विचारावयास हवे. टनावारी मोजले तर निव्वळ चिलापीने भरलेले तळेही समृद्धच दिसेल. राष्ट्रीय उत्पन्नाच्या एका आकड्यावर समाधान मानणाऱ्या अर्थशास्त्राची खोड याहून वेगळी नाही.

तळ्याचे पाणी पुढे आंबिल ओढ्याने मुठेस मिळते. मुळा-मुठेत पुण्याच्या पूर्वेस सापडलेल्या एका माशाला कर्नल साइक्सने १८३९ च्या सुमारास इथल्या बोलीतले 'खुडरी' हेच नाव शास्त्रीय नाव म्हणून दिले. ग्रंथांत ते नाव टिकले आहे. शहरातल्या मुठेत तो मासा शोधू जाणाऱ्यास आज लोक हसतील. याच आंबिल ओढ्याने २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री काठच्या वस्त्यांत माणसे आणि संसार वाहून नेले. ओढ्याला गटार मानण्याची किंमत कोणत्या थराने मोजली, हे त्या रात्री दिसले.

अर्थशास्त्रात याला सामाजिक खर्च म्हणतात. साध्या भाषेत, नफा बांधकाम व्यावसायिकाचा आणि घाण सर्वांची. जलपर्णी उपसण्याचा खर्च करदात्याच्या माथी आणि जाळे रिकामे येते ते मासेमाराचे. काठावर बागा आणि कारंजी उभारल्याने पाण्यात एक मिलिग्रॅमही प्राणवायू वाढत नाही. सांडपाणी जलाशयात सोडण्यास १९७४ च्या पाणी कायद्याने मनाई आहे, पण स्वतः महापालिकाच ते रोखू शकत नसेल तर कायद्याने धरायचे कोणाला?

प्रत्येक महापालिकेला दरवर्षी ३१ जुलैपूर्वी पर्यावरणाच्या सद्यःस्थितीचा अहवाल सभागृहापुढे ठेवावा लागतो. कार्यकर्त्यांनी तो मागून घ्यावा. कात्रज तळ्यातील प्राणवायूची महिनावार नोंद, पहाटेच्या मोजणीसह, आणि तेथील माशांच्या जातींची यादी त्यात असावी, अशी मागणी प्रभागाप्रभागांतून झाली पाहिजे. ती यादी करताना तळ्यावर जाळे टाकणाऱ्यांना सोबत घ्यावे. मैलावाहिनी जोडल्यावाचून एकाही नव्या इमारतीस भोगवटापत्र देऊ नये, ही दुसरी मागणी. तिला विरोध होईल, आणि तो कोठून होईल हे सांगावयास नको.