गोड चहा आणि आठवण

घनसावंगी तालुका उसाचा. तिथल्या कुंभार पिंपळगावचा चहा गोडच असणार. 2021 मध्ये ब्रिटनमधील साडेतीन लाखांहून अधिक लोकांच्या अभ्यासात रोज दोन-तीन कप चहा आणि तितकीच कॉफी घेणाऱ्यांत स्मृतिभ्रंश कमी आढळला. चहाबाजांनी हुरळू नये: चहामुळेच तसे झाले, हे सिद्ध नाही. तिकडचा कप म्हणजे आपला साखरेत उकळलेला पाकही नव्हे! ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाच्या 2024 च्या यादीत मधुमेह, उच्च रक्तदाब, अतिमद्यपान ही स्मृतिभ्रंशाची टाळता येणारी कारणे आहेत. म्हणून साखर कमी करायला आजोबांचा दुपारचा दुसरा चहा ताकावर भागवावा. आणखी एक: उन्हाळ्यात म्हातारे माणूस अचानक असंबद्ध बोलू लागले, तर ‘म्हातारचळ’ म्हणून सोडू नये. अंगातले पाणी कमी झाल्यानेही तसे होते; लगेच दवाखाना गाठावा.