प्रिन्सचा दुसरा भाग कुठे कमी पडला

तालुक्याच्या गावांतल्या कॉम्प्युटर क्लासमध्ये एके काळी डॉसच्या कमांड शिकून झाल्या की मुले हळूच एक गेम सुरू करत: ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’. भंडारा, तुमसर, साकोलीकडच्या चाळिशीतल्या अनेकांना तळघरात धावणारा आणि अंदाज चुकला की अणकुचीदार सळ्यांवर पडणारा तो पांढऱ्या कपड्यांतला राजपुत्र आठवत असेल. जॉर्डन मेकनर या अमेरिकी तरुणाने १९८९ साली तो ॲपल टू या कॉम्प्युटरसाठी तयार केला. १९९३ मध्ये दुसरा भाग आला, ‘द शॅडो अँड द फ्लेम’. त्यात रंग जास्त, जागा जास्त, शत्रू जास्त, गेम पुरा करायला दिलेला वेळसुद्धा ६० मिनिटांऐवजी ७५. तरी लोकांच्या मनात घर केले ते पहिल्यानेच. याला बालपणाची ओढ म्हणून सोडून देणे मला पटत नाही. त्यामागे पक्के कारण आहे, आणि राज्य सरकारने ॲनिमेशन व गेमिंगसाठी २०२५ मध्ये धोरण मंजूर केले असताना ते समजून घेणे आपल्याच फायद्याचे आहे.

पहिल्या भागाचे नियम बोटांवर मोजता येतील. एका फरशीवर पाय पडला की दार उघडते, दुसरीवर पडला की बंद होते. काही फरशा सैल असतात, त्या कोसळतात. पळत येऊन मारलेली उडी लांब जाते, उभ्याने मारलेली कमी. एवढ्या सामग्रीवर मेकनरने बारा लेव्हल रचल्या. त्यातली सगळ्यांत सुंदर गोष्ट म्हणजे राजपुत्राची सावली, आणि ती अडचणीतून जन्मली. कॉम्प्युटरची मेमरी संपली होती, नवा शत्रू काढायला जागाच नव्हती. तेव्हा राजपुत्राचीच चित्रे किंचित सरकवून पुन्हा त्यांच्यावरच चढवली आणि त्यातून एक चमचमणारी आकृती निघाली. चौथ्या लेव्हलमध्ये वाटेत आरसा आडवा येतो. पळत येऊन त्यात उडी मारली की राजपुत्र एकीकडे आणि त्याचे प्रतिबिंब दुसरीकडे पळत सुटते. पुढे ते आपल्या वाट्याचे औषध पिऊन टाकते, ऐन वेळी दार बंद करते, आणि शेवटच्या लेव्हलमध्ये तलवार उपसून समोर उभे राहते. त्याच्यावर वार केला की आपलेच बळ घटते. यावरचा उपाय नव्या शस्त्रात नाही. आपण तलवार ठेवायची, मग तेही ठेवते, आणि त्याच्याकडे धावत गेले की दोघे एक होतात. तलवार हाती आहे तोवरच जीव आहे, असे पहिल्या पहारेकऱ्यापासून शिकवत आलेला हा गेम शेवटी तीच खाली ठेवायला लावतो. खेळणाऱ्याला हे कोणी सांगत नाही. आतापर्यंत जे शिकला, त्यातूनच त्याला ते उमगावे लागते.

दुसऱ्या भागाची सुरुवात झकास आहे, हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. पहिल्या भागातला खलनायक वजीर जाफर राजपुत्राचे रूप घेऊन सिंहासनावर बसतो, राजकन्याही खऱ्याला ओळखत नाही, आणि राजपुत्र खिडकीतून उडी टाकून छपरांवरून धावत बंदरातले जहाज गाठतो. पण पुढे एकामागून एक नुसत्या नव्या गोष्टी येत राहतात. मोडून पुन्हा उठणारे सांगाडे, उडता गालिचा, साप, हवेत तरंगणारी मुंडकी, पक्ष्यांची तोंडे असलेले पुजारी, जादूचा घोडा. प्रत्येक गोष्ट येते, आपले काम करते आणि मागे पडते. आरशातल्या सावलीसारखी ती पुन्हा वेगळ्या अर्थाने भेटत नाही. लढाईचेही तेच झाले. पहिल्या भागात एकास एक लढत होती. त्या तलवारबाजीच्या हालचाली मेकनरने १९३८ च्या रॉबिन हूडच्या सिनेमातल्या अखेरच्या द्वंद्वावरून उचलल्या होत्या, आणि समोरच्याच्या पवित्र्याचा अंदाज घेणे हीच तिथली खरी मजा होती. दुसऱ्या भागात शत्रू घोळक्याने येतात, तेव्हा अंदाज बाजूला राहतो आणि बोटांची दमछाक तेवढी उरते. शेवटी जाफरला हरवायला सावली अंगावेगळी करायची असते. त्यासाठी भराभर डावी-उजवीकडे वळत राहायचे. कल्पना भव्य आहे, पण आधीच्या खेळण्यातून ती सुचत नाही. त्यामुळे ती कुणाकडून तरी ऐकावी लागते, आणि ऐकून सुटलेल्या कोड्यात गोडी ती काय?

यावर रास्त आक्षेप येईल की दुसऱ्या भागाने नवे काही आणलेच नसते, तर लोकांनी त्याला शिळी कढी म्हटले असते. खरे आहे. पण नवेपण दोन प्रकारे आणता येते, याचा पुरावा याच मालिकेत आहे. २००३ मध्ये यूबीसॉफ्टने ‘द सँड्स ऑफ टाइम’ काढला. मेकनरचा त्यात लेखक म्हणून सहभाग होता. या गेमने एक नवा नियम आणला: राजपुत्राच्या हातातला खंजीर काळ काही क्षण मागे नेतो. चुकलेली उडी त्याने सुधारते, लढाईत जीव त्याने वाचतो, आणि कथेचा शेवटही काळ मागे फिरण्यानेच होतो. नियम एकच, पण तो गेमभर मुरला आहे. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. साधने कमी असणे ही चांगली गोष्ट आहे, असे सांगून गरिबीचे कौतुक चालले आहे का? नाही. मेमरी अपुरी होती, पण मेकनरने या गेमसाठी जवळपास चार वर्षे खर्च केली. धाकट्या भावाला पळायला, उड्या मारायला लावून त्याचे चित्रीकरण केले आणि त्यावरून एकेक हालचाल उतरवली. आपल्याकडच्या मुलांना जी गोष्ट कुणी देत नाही ती हीच, एका कल्पनेवर निवांत काम करण्याची मुभा. धोरणातला पैसा यंत्रसामग्री आणि इमारतींत जाण्यापेक्षा थोडा तरी अशा वेळेसाठी जावा, असे मला कळकळीने वाटते. पुण्यातल्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० मध्ये ‘राजी’ हा गेम आणला आणि आता त्याचा पुढचा भाग जाहीर केला आहे. आपल्या मातीतल्या गेमच्या दुसऱ्या भागांचा प्रश्न त्यामुळे आता आपल्याच दारात आला आहे.

भंडाऱ्याचे कोणी असा गेम करायला बसले, तर तळघर शोधायला पर्शियात जायला नको. तुमसर तालुक्यातला अंबागड हा किल्ला सुमारे १७०० साली, देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शाह याच्या काळात बांधला गेला. पुढे नागपूरच्या भोसल्यांनी त्याचा तुरुंग केला. तिथल्या कैद्यांना विहिरीचे विषारी पाणी प्यायला लावत, असे सांगितले जाते. मेकनरचा मूळ कोड २०१२ मध्ये जुन्या फ्लॉपींवरून उतरवून इंटरनेटवर खुला झाला आहे, तो कुणालाही फुकट वाचता येतो. तो वाचावा आणि अंबागडावरचे फक्त पाणी घ्यावे. गेमचा नियम एवढाच: ते प्यायले तर चढायला बळ येते, पण हातातला वेळ घटतो. दारे, बुरूज, पहारेकरी, सगळी कोडी याच एका हिशेबातून निघू द्यावीत. गेम चालला आणि दुसरा भाग काढायची वेळ आली, तर वाघ, तोफा आणि उडते घोडे आणण्याची घाई करू नये. पहिल्या भागात गडावरून सुटलेल्या कैद्याला वाटेत दुसरा तहानलेला कैदी भेटतो, आणि जवळ आहे ते तेच पाणी. त्याला ते पाजायचे की नाही, एवढा प्रश्न दुसऱ्या भागाला पुरेसा आहे.