राहणं शून्य, जेवण शून्य?

मुलांनो,

परीक्षा संपत आल्या की आमच्या वर्गात एकच विषय असतो. सुट्टीत कोण कुठे जाणार? यंदा मी मुलांना म्हटलं, "नुसतं तोंडानं सांगू नका. हिशेब करून आणा. आई, बाबा आणि दोन मुलं. चार दिवसांची मुंबई. सगळ्यांत कमी खर्चात कोण नेऊन आणतं ते बघू!"

दुसऱ्या दिवशी बेचाळीस वह्या टेबलावर. कुणी विमान घेतलं होतं, कुणी ताज हॉटेलात उतरलं होतं. आमची चौथी म्हणजे काय विचारता! पण एका मुलाचा हिशेब सगळ्यांत कमी. सगळा वर्ग त्याच्या वहीवर वाकला. त्यानं लिहिलं होतं : राहणं – ०. जेवण – ०.

"असं कसं रे?" मी विचारलं.

"बाई, आमची आत्या परळला राहते ना!"

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी मात्र त्या दोन शून्यांपुढे पेन्सिलीनं प्रश्नचिन्हं काढली आणि वही परत दिली. का, ते पुढे सांगते. आधी त्याच्या हिशेबात जे खरंच शाबासकीसारखं होतं, ते तुम्हीही लिहून घ्या.

पहिली गोष्ट प्रवासाची. त्यानं एस.टी.चं त्याचं आणि बहिणीचं तिकीट अर्धं धरलं होतं, आणि आईचंही अर्धंच! बरोबर आहे. मार्च २०२३ पासून महाराष्ट्रात एस.टी.त सगळ्या महिलांना अर्धं तिकीट आहे. मुंबईत उतरल्यावर टॅक्सी नाही, लोकल. लोकलच्या दुसऱ्या वर्गाचं कमीत कमी तिकीट आजही ५ रुपये आहे. पाच वर्षांखालच्या मुलांना तिकीटच लागत नाही. खूप फिरायचं असेल तर एक, तीन किंवा पाच दिवसांचं पर्यटक तिकीट मिळतं. बेस्टच्या साध्या बसचं कमीत कमी तिकीट मे २०२५ पासून १० रुपये झालं आहे, गार हवेच्या बसचं १२. फक्त सकाळी कामावर जाणाऱ्यांच्या गर्दीत लोकलमध्ये शिरू नका. अकरानंतर निघा. तोवर घरातली कामं आटपा.

दुसरी गोष्ट त्यानं फार हुशारीनं केली होती. एका दिवसाला एकच भाग ठेवला होता. सकाळी दादर, दुपारी गेटवे, संध्याकाळी पुन्हा दादर असं केलं की पैसेही जातात आणि पायही दुखतात.

त्याचा एक दिवस गिरगावचा होता. चर्नी रोड स्टेशनला उतरायचं, की समोर चौपाटी. तिथे लोकमान्य टिळकांचा पुतळा आहे. १९२० साली त्यांच्यावर इथेच अंत्यसंस्कार झाले. तिथून चालत गावदेवीतलं मणिभवन. गांधीजी १९१७ ते १९३४ या काळात मुंबईत आले की तिथे उतरत. मग गिरगावातली केशवजी नाईकांची चाळ. तिथला सार्वजनिक गणेशोत्सव १८९३ सालचा! शेवटी खोताची वाडी, जुन्या लाकडी घरांची. (तिथे लोक राहतात हं. घराच्या खिडकीत डोकावायचं नाही!) हे सगळं चालत. समुद्राला तर तिकीटच नाही.

दुसरा दिवस भायखळ्याचा. स्टेशनवरून राणीची बाग, म्हणजे वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान, चालत गाठता येतं. २०१७ मध्ये तिथले दर वाढले, तेव्हा आईवडील आणि दोन मुलांसाठी मिळून १०० रुपयांचं एकच तिकीट ठेवलं गेलं. चौघांनी चार खिडक्यांवर उभं राहू नका! पेंग्विन त्यातच पाहायला मिळतात. शेजारीच डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे, १८७२ पासूनचं. त्याच्या अंगणात एक मोठा दगडी हत्ती उभा आहे. घारापुरी बेटाला 'एलिफंटा' हे नाव ज्या हत्तीवरून पडलं, तोच हा! बुधवारी मात्र बाग आणि संग्रहालय, दोन्ही बंद. वार न बघता गेलात तर तो दिवस फुकट गेला समजा.

तिसरा दिवस दादरचा. पहाटेचा फुलबाजार, मग शिवाजी पार्क, मग चैत्यभूमी. भूक लागली की वडापाव. १९६६ च्या सुमारास दादर स्टेशनबाहेर अशोक वैद्य यांनी वडा पावात घालून विकायला सुरुवात केली, असं सांगतात. गिरणीत आणि कचेरीत जाणाऱ्या माणसाला उभ्या उभ्या, कमी पैशांत पोट भरायचं होतं. म्हणून तर तो मुंबईचा झाला.

इथवर त्या मुलाला दहापैकी दहा. आता ती दोन शून्यं.

१९९८ सालची गोष्ट. मी तेव्हा तुमच्याएवढी, दहा वर्षांची होते. मे महिन्यात आम्ही चौघं साताऱ्याकडून एस.टी.नं परळला उतरलो. माझी मावशी लालबागला चाळीत राहायची. तिसऱ्या मजल्यावर दहा बाय बाराची एक खोली, बाहेर लांबलचक गॅलरी, टोकाला सगळ्यांचा मिळून नळ. काका पूर्वी गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा तो मोठा संप सुरू झाला आणि अडीच लाखांच्या आसपास कामगार घरी बसले, त्यांतले ते एक. पुढे त्यांना रखवालदाराची नोकरी मिळाली होती. मावशी मसाल्याच्या दुकानातून मिरच्या घरी आणून देठं काढून द्यायची. मिरच्यांमुळे आम्हाला सारख्या शिंका यायच्या आणि आम्ही हसायचो.

आठ दिवस राहिलो! चौपाटी झाली, राणीची बाग झाली. मावशी रोज काहीतरी गोडधोड करायची. रात्री बाबा डायरी काढून हिशेब लिहायचे. आईला वाचून दाखवायचे, "आज लॉजचे वाचले इतके. खानावळीचे वाचले इतके." मलाही फार बरं वाटायचं. आमचे बाबा किती हुशार!

शेवटच्या रात्री मला चित्र काढायला पेन्सिल हवी होती. मावशी नळावर होती. मी फळीवरची तिची वही काढली, आत पेन्सिल असेल म्हणून. मावशीही हिशेब लिहायची. रोजचं दूध अर्धा लिटर. आम्ही आल्या दिवसापासून दीड लिटर. वाण्याचं नाव आणि पुढे 'उधार'. खाली पुन्हा 'उधार'. आणि अगदी शेवटी लिहिलं होतं : 'दादाची पुस्तकं – पुढच्या महिन्यात बघू.'

दादा म्हणजे माझा मावसभाऊ. जूनमध्ये तो नववीत जाणार होता.

मी वही जागेवर ठेवली. दुसऱ्याची वही वाचायची नसते, हे मला तेव्हाही माहीत होतं. पण वाचली होती खरी. मग मला एकेक दिसायला लागलं. आम्ही खोलीत झोपायचो आणि काका नि दादा बाहेर गॅलरीत. पाणी पहाटे थोडाच वेळ यायचं, म्हणून मावशी साडेचारला उठून रांग लावायची. दादा आमच्यासाठी जादा हंडे भरायचा. आम्ही उठायचो तेव्हा पिंप भरलेलं असायचं. ते कोण भरतं, हे मी आठ दिवसांत एकदाही विचारलं नव्हतं.

मी रडत आईला सांगितलं. आईनं बाबांना सांगितलं. बाबा खूप वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी डायरी उघडली. जिथे जिथे 'वाचले' लिहिलं होतं, तिथे तो शब्द खोडला आणि वर लिहिलं, 'ताईने खर्च केले.'

सकाळी आई पैसे द्यायला गेली, तर मावशी रागावली. "बहिणीकडून पैसे घेऊ का गं मी?" शेवटी बाबांनी "जरा फिरून येतो" म्हणून दादाला बरोबर घेतलं आणि त्याची पुस्तकं आणली. सगळी नाही आली. परतीच्या तिकिटाचे पैसे ठेवावे लागले. दिवाळीला आम्ही तांदूळ आणि भुईमुगाच्या शेंगा पाठवल्या. पण दादानं नववीची सुरुवात अर्ध्या पुस्तकांवर केली. आज तो मोठा झाला आहे, हे सारं तो विसरलाही असेल. मी विसरले नाही.

मुलांनो, लालबाग-परळला पाहुण्यांची सवय जुनीच आहे. गिरण्या चालू होत्या तेव्हा कोकणातून आणि घाटावरून माणसं एकेकटी कामाला यायची. एका गावची माणसं मिळून एकच खोली भाड्यानं घ्यायची, गावकीची खोली. एक पाळी कामावर गेली की दुसरी तिथे झोपायची. गावाकडून नवा पोऱ्या आला तर त्यालाही जागा मिळायची. पण भाड्यात ज्याचा त्याचा वाटा असे. जेवायला खानावळी होत्या, त्याही घरगुती. आपल्या छोट्याशा खोलीत चूल पेटवून बायका कामगारांना जेवू घालायच्या. त्यासाठी त्यांना सावकाराकडून कर्ज काढावं लागे. म्हणून १९७५ मध्ये प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं आणि या बायकांना बँकेचं कर्ज मिळवून दिलं. म्हणजे बघा, कामगाराला स्वस्तात मिळणाऱ्या ताटामागे कुणाचं तरी कर्ज असायचं.

आणि एका खोलीत जागा किती असते? परळच्या डबक चाळीत शाळकरी भीमराव आंबेडकर वडिलांजवळ राहत. वडील रात्री दोनपर्यंत जागे राहायचे, मग भीमरावांना अभ्यासाला उठवायचे आणि स्वतः झोपायचे. अशा खोलीत चार पाहुणे आले, तर त्या घरातल्या मुलानं अभ्यास कुठे करायचा?

म्हणजे नातेवाइकांकडे जायचंच नाही का? छे! अवश्य जा. आत्या-मावशी वाट बघत असतात. पाहुणे आले नाहीत तर त्यांना वाईटच वाटेल. फक्त त्यांच्या घरी राहून आपले पैसे 'वाचले' असं म्हणू नका. ते पैसे आपल्या खिशातून नाही, त्यांच्या खिशातून गेले. काटकसर करायची ती आपल्या हौशीत, दुसऱ्याच्या घासात नाही.

मग करायचं काय? आधी फोन करून विचारा, "या दिवसांत सोयीचं आहे का?" त्या घरी कुणाची परीक्षा, कुणाचं आजारपण नाही ना, ते बघा. आठ दिवसांऐवजी तीन-चार दिवस राहा. जाताना तांदूळ, डाळ, शेंगदाणे, जे घरी पिकतं किंवा परवडतं ते न्या. पैसे हातावर ठेवले तर घेत नाहीत. पिशवी मात्र घेतात! एक दिवस सकाळी दुधाची पिशवी आपण आणा. एक दिवस त्यांच्या स्वयंपाकघराला सुट्टी द्या आणि सगळे मिळून बाहेर वडापाव खा. फिरायला जाताना त्या घरच्या मुलांनाही न्या. ती मुंबईत राहतात खरी, पण कितीतरी मुलांनी संग्रहालय पाहिलेलं नसतं. आणि आपली अंथरुणं आपण घडी करा, पाणी भरायला उठा. याला तर एक पैसाही लागत नाही.

पालकहो, एक विनंती. सहलीचा हिशेब मुलांसमोर करा, त्यांच्याकडूनच लिहून घ्या. पण त्यात 'यजमानांसाठी' असा एक रकाना जरूर ठेवा. पैसा कसा वाचतो हे मुलं आपल्याकडे बघून शिकतात. तो कुणाच्या जिवावर वाचतो, हेही त्यांना कळायला हवं.

आता या आठवड्याचं गणित. मावशीकडे रोज अर्धा लिटर दूध यायचं, ते आठ दिवस दीड लिटर झालं. जादा दूध किती? तुमच्या गावातल्या आजच्या भावानं त्याचे पैसे किती? हे फक्त दुधाचं झालं. तांदूळ, गॅस, तेल, साखर तुम्ही घरी आईला विचारून धरा. येणारं उत्तर बघून तुम्हीच चकित व्हाल.

हो, त्या मुलाचं सांगायचं राहिलंच! मी ही गोष्ट वर्गात सांगितली. दुसऱ्या दिवशी तो वही घेऊन आला. दोन्ही शून्यं खोडली होती. खाली लिहिलं होतं : तांदूळ ५ किलो. शेंगदाणे २ किलो. आतेभावाचं राणीच्या बागेचं वेगळं तिकीट. एक दिवस आत्याचा स्वयंपाक बंद. आणि त्याखाली, 'पाणी मी भरीन – ०.'

त्याचा हिशेब आता वर्गात चौथा आला. पण बरोबर आला.

या शून्यापुढे मी प्रश्नचिन्ह काढलं नाही.

पुढच्या आठवड्यात भेटूच!

तुमच्या,
बाई