माती मोजता, माणसे कधी मोजणार?

रायगड जिल्ह्याच्या आरोग्याच्या गरजा ठरतात त्या जिल्ह्याच्या सरासरीवरून. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत रायगडमधील लसीकरण, रक्तक्षय आणि बालकांचे कुपोषण यांचे आकडे आहेत. पण त्या जिल्हापत्रकात कातकरी कुठे आहे? अलिबागचा बंगलेवाला, पनवेलचा फ्लॅटधारक आणि पेणच्या डोंगरातला कातकरी एकाच सरासरीत बसविले की कातकऱ्याचे दुखणे कागदावरून आपोआप नाहीसे होते!

२०११ च्या जनगणनेत जिल्ह्याच्या २६ लाख ३४ हजार लोकसंख्येपैकी सुमारे साडेअकरा टक्के लोक अनुसूचित जमातींचे होते. तरीही रायगड राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीतील क्षेत्रात नाही. त्यामुळे १९९६ च्या पेसा कायद्याने ग्रामसभेला दिलेले अधिकार येथील वाड्यांना मिळत नाहीत.

महाराष्ट्रात कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड या तीन जमाती केंद्राने विशेष असुरक्षित मानल्या आहेत. १५ नोव्हेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या 'पीएम-जनमन' योजनेत त्यांच्यासाठी फिरती वैद्यकीय पथके आहेत, अंगणवाड्या आहेत. योजनेला आमचा विरोध नाही. प्रश्न एवढाच, की पथक वाडीवर पोहोचते तेव्हा वाडीत कोण असते?

दिवाळी सरली की मालकाचा बयाणा घेतलेली कुटुंबे पोराबाळांसह वीटभट्टीवर, कोळसाभट्टीवर जातात, ती पावसाच्या तोंडावर परततात. वाडीत उरतात म्हातारी माणसे. गरोदर बाईचे नाव वाडीच्या अंगणवाडीत आणि बाई मात्र भट्टीवर! तिचे वजन कोण करणार? लोहाच्या गोळ्या कोण देणार? क्षयरोग्याचा औषधोपचार सहा महिने चालतो. भट्टीचा हंगामही जवळपास तेवढाच. मध्येच खंड पडला तर जबाबदार कोण?

त्यात बयाणा फिटेपर्यंत भट्टी सोडता येत नाही. आजारी मजुराला दवाखान्यात जायलाही मालकाची परवानगी लागत असेल, तर तो केवळ आरोग्याचा प्रश्न राहत नाही. १९७६ च्या वेठबिगारी निर्मूलन कायद्याचा प्रश्न होतो. सरकारी रुग्णालयाने तातडीचे उपचार नाकारणे हा अनुच्छेद २१ चा भंग आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने पश्चिम बंग खेतमजूर समितीच्या खटल्यात १९९६ मध्येच सांगितले. पण रुग्णालयाच्या दारापर्यंत पोहोचूच न शकणाऱ्याने हा हक्क कुठे मागायचा?

भट्ट्या सापडत नाहीत, ही सबब चालणार नाही. वीटमातीच्या स्वामित्वधनासाठी महसूल खाते ब्रासचा हिशेब ठेवते. किती ब्रास माती उचलली हे ज्या शासनाला कळते, त्याला त्या मातीत किती लेकरे झोपतात हे का कळू नये?

म्हणून मागणी साधी आहे. कातकऱ्यांची आरोग्य पाहणी वर्षातून दोनदा करा : पावसाळ्यात वाडीवर आणि हिवाळ्यात भट्टीवर. प्रश्न विचारायला कातकरी समाजातील शिकलेल्या मुली नेमा. त्यांच्यापाशी बाया मोकळेपणाने बोलतील. कातकऱ्यांचे आकडे तालुकावार, स्वतंत्र जाहीर करा. आणि उपचाराची नोंद वाडीला न बांधता माणसासोबत जाऊ द्या.

पोषण आणि सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे अनुच्छेद ४७ नुसार राज्याचे प्राथमिक कर्तव्य आहे. त्या कर्तव्याची सुरुवात मोजणीपासून होते. ज्यांची नोंद नाही, त्यांच्यासाठी अंदाजपत्रकात पैसाही नसतो.