वळिवड्याची थडगी आणि निर्वासितांचा प्रश्न

कोल्हापूरच्या ख्रिस्ती दफनभूमीत पोलिश नावे कोरलेली थडगी आहेत. १९४३ ते १९४८ या काळात शहरानजीकच्या वळिवडे छावणीत सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले. त्यांत बहुसंख्य स्त्रिया व मुले होती. त्यांच्यापैकी अनेकांचे पिता व बंधू इटलीच्या आघाडीवर होते. मे १९४४ मध्ये पोलिश सैन्याने मोंते कॅसिनो जिंकले. तेथील लष्करी दफनभूमीत एक हजारांहून अधिक पोलिश सैनिक चिरनिद्रा घेत आहेत. त्याच वर्षी जुलैमध्ये रायगड जिल्ह्यातील नाईक यशवंत घाडगे इटलीतच धारातीर्थी पडले.

ही माणसे कोल्हापूरपर्यंत आली कशी, हा प्रश्न पुरोगामी चळवळीने दीर्घकाळ टाळला. १९३९ मध्ये पूर्व पोलंड सोव्हिएत ताब्यात गेल्यावर १९४०-४१ मध्ये तीन लाखांहून अधिक नागरिकांना सैबेरिया, कझाकस्तान आदी प्रदेशांत हद्दपार करण्यात आले. त्यांत जमीनदार व अधिकारी होते, तसेच लहान शेतकरी, वनरक्षक आणि त्यांची तान्ही मुलेही होती. तान्ह्या मुलाला वर्गशत्रू ठरविणारे मार्क्सवादाचे कोणतेही सूत्र नाही. जुलै १९४१ च्या करारानंतर त्यांची सुटका झाली व पुढे इराणमार्गे त्यांतील काही भारतात पोहोचले. कात्यिन हत्याकांडाची जबाबदारीही मॉस्कोने १९९० मध्ये स्वीकारली. फॅसिझमचा कणा लाल सेनेने मोडला, हे सत्य त्यामुळे उणावत नाही. ते निर्भयपणे सांगण्याचा अधिकार मात्र हे दुसरे सत्य मान्य करणाऱ्यालाच पोहोचतो.

सत्ताधाऱ्यांना या थडग्यांची आठवण वेगळ्या कारणाने होते. ऑगस्ट २०२४ मध्ये पंतप्रधानांनी वॉर्सा येथील कोल्हापूर स्मारकास पुष्पांजली वाहिली व भारतीय औदार्याचा गौरव झाला. (वळिवड्याचा खर्च मुख्यतः लंडनमधील पोलिश सरकारने सोसला, हा तपशील अशा समारंभांत मागे पडतो.) फाळणीनंतर त्याच छावणीत सिंधी निर्वासित आले आणि आजची गांधीनगरची कापडपेठ उभी राहिली. आधी कॅथलिक, मग हिंदू. बराकी त्याच होत्या.

परंतु ऑक्टोबर २०१८ मध्ये सात रोहिंग्यांना म्यानमारच्या हवाली करण्यात आले आणि सर्वोच्च न्यायालयानेही हस्तक्षेप नाकारला. २०१९ च्या नागरिकत्व दुरुस्ती कायद्याने आश्रयाला धर्माची कसोटी लावली. १९५१ च्या आंतरराष्ट्रीय निर्वासित करारावर भारताची सही नाही, स्वतंत्र निर्वासित कायदाही नाही. सारे काही सरकारच्या मर्जीवर चालते. धर्म न विचारता संरक्षण देणारा कायदा संसदेने करावा, ही मागणी कामगार व किसान संघटनांनी आपल्या ठरावांत समाविष्ट केली पाहिजे.