घरच्या वाय-फायसाठी वेगळा फायरवॉल हवा का? पैसे खर्च करण्याआधी हे वाचा

जानेवारी २०२४ मध्ये अमेरिकेच्या न्याय विभागाने एक कारवाई जाहीर केली. चीन सरकारशी संबंधित हॅकर्सनी तिथले शेकडो राउटर ताब्यात घेतले होते. त्यांचं लक्ष्य राउटरचे मालक नव्हते. महत्त्वाच्या यंत्रणांमध्ये घुसताना ओळख लपवायला हे राउटर वापरले जात होते. त्यातले बहुतेक सिस्को आणि नेटगिअरचे जुने राउटर होते. कंपन्यांनी त्यांना सुरक्षा अपडेट देणं बंद केलं होतं.

मग घरी वेगळा फायरवॉल घ्यायचा का?

फायरवॉल काय करतो?

तो सोसायटीच्या वॉचमनसारखा असतो. तुम्ही मागवलेलं पार्सल आत सोडतो, न बोलावता आलेल्याला गेटवरच अडवतो. असा वॉचमन बहुतेक घरांत आधीच असतो, तोही दोन ठिकाणी: राउटरमध्ये आणि विंडोज लॅपटॉपमध्ये. मॅक असेल, तर सेटिंग्जमध्ये जाऊन तो चालू आहे ना, हे बघा.

मग अडतं कुठे?

गेटची किल्ली बाहेरच लटकत असते! २०१६ मध्ये ‘मिराई’ने कंपनीचे मूळ पासवर्ड वापरून कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले. त्यांच्या जोरावर झालेल्या हल्ल्यात ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या सेवा विस्कळीत झाल्या होत्या.

आधी हे फुकटचं करा

- राउटरचा अॅडमिन पासवर्ड बदला. हा वाय-फायच्या पासवर्डपेक्षा वेगळा असतो.
- ‘रिमोट मॅनेजमेंट’ बंद करा. गरज नसेल तर ‘यूपीएनपी’ही बंद करा.
- कॅमेरा आणि टीव्ही गेस्ट नेटवर्कवर टाका.
- राउटरला अपडेट मिळतात का, ते तपासा. मिळत नसतील तर पैसे नव्या राउटरवर खर्च करा.

वेगळा फायरवॉल कोणी घ्यावा?

घरात सर्व्हर चालवणाऱ्यांनी किंवा घरूनच ऑफिस चालवणाऱ्यांनी. ‘ओपीएनसेन्स’ किंवा ‘पीएफसेन्स’ची मोफत आवृत्ती दोन लॅन पोर्टच्या छोट्या कॉम्प्युटरवर चालते. पण नियम लावणं आणि अपडेट करणं तुमच्याच अंगावर येतं. एकदा लावून विसरलेला फायरवॉल त्या जुन्या राउटरइतकाच कच्चा.

आणि एक लक्षात ठेवा. फोनवर ‘साहेबां’ना ओटीपी आपणच सांगितला, तर कितीही महागडा फायरवॉल असला तरी उपयोग नाही. तिथे दार आपणच आतून उघडलेलं असतं.